मांडव पडत नाही, उडतो

ब्रह्मपुरीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून येते ते बहुधा मे महिन्यात. काल देशात सर्वांत जास्त ऊन कुठे तापले, तर ब्रह्मपुरीत. पारा ४६-४७च्या घरात. गावाला याचा त्रास होतो तसा थोडा अभिमानही आहे. एखाद्या दिवशी चंद्रपूरने दोन-तीन दशांशांनी बाजी मारली, तर पानठेल्यावर हळहळ व्यक्त होते आणि वेधशाळेवाले तापमापक सावलीत का ठेवतात, यावर कडक टीका होते. उन्हात ठेवला असता तर चंद्रपूरची काय बिशाद होती, असा एकूण सूर असतो.

याच महिन्यात, याच उन्हात, तालुक्यातली झाडून सारी लग्ने लागतात. त्यालाही कारणे आहेत. धान विकून झालेला असतो, बांध्या कोरड्या पडलेल्या असतात, शाळेचे पटांगण रिकामे असते आणि पुण्याला कंपनीत असलेल्या पोराला सुट्टी मिळालेली असते. मुहूर्त मात्र उन्हाकडे बघून सायंकाळचा काढतात, गोरज. पत्रिकेवर छापतात : सायंकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी. पंचांगकर्त्याने ग्रह पाहिलेले असतात, गुरू-शुक्राचा अस्त नाही याची खात्री केलेली असते, राहूला बाजूला बसवलेले असते. दिवसभर तापलेल्या रानावर ढग उभे राहून वावधान सुटण्याची वेळही साधारण चार ते सात हीच असते, एवढे एकच कुठल्या पंचांगात दिलेले नसते.

वावधानाची रीत सरळ आहे. तापलेली हवा वर चढते, ढग मजल्यावर मजले चढवत उभे राहतात, त्यांतून पाऊस सुटतो. पण खालची हवा इतकी कोरडी असते की बरेचसे थेंब जमिनीला पोचण्याआधीच वाळून जातात आणि वाळताना भोवतालची हवा गार करतात. गार हवा जड. ती ढगाखालून धाडकन कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणजे ऊन जितके कडक आणि हवा जितकी कोरडी, तितका हा आपटबार मोठा. या पसरणाऱ्या हवेची पहिली झुळूक पावसाच्या काही मिनिटे आधीच मांडवात पोचते. दिवसभर घामाने निथळलेले वऱ्हाडी तेव्हा शर्टाची वरची गुंडी सोडतात, खुर्चीत मागे रेलतात आणि म्हणतात, "हां, आता कुठं बरं वाटलं!"

ब्रह्मपुरीत मे महिन्यात अचानक बरे वाटू लागले, तर उठून मांडवाबाहेर यावे.

पण कोणी येत नाही, कारण मांडव पक्का आहे याची सर्वांनी दुपारीच खात्री करून घेतलेली असते. ही खात्री करून घेण्याची एक ठरलेली पद्धत आहे. बिछायत केंद्राची पोरे छोट्या हत्तीतून बल्ल्या, पाइप, कनाती, झालरी, सतरंज्या आणि गंज उतरवतात. दुपारपर्यंत मांडव उभा होतो. मग नवरीचा बाप येतो, एका खांबाला हात लावतो आणि हलवून बघतो. खांब हलत नाही. मग नवरीचा मामा येऊन तोच खांब हलवतो, कारण बापाच्या हातात आता पूर्वीचा जोर राहिलेला नाही असे त्याचे मत असते. मग गावचे एक-दोन जाणते येतात, ज्यांचा लग्नाशी फक्त जेवणापुरता संबंध असतो; तेही हलवतात. खांब हलला नाही की मांडव पास. चार हात बाजूला, गवतात, जमिनीतून वीतभर डोके काढून बसलेल्या खुट्याकडे बघतही कोणी नाही. खुट्याला हात लावून बघणारा नवरीचा बाप या तालुक्यात व्हायचा आहे.

याचे कारण मला असे दिसते की, माणसाला मांडव पडण्याची भीती वाटते. वस्तू पडतात हे आपण जन्मापासून पाहतो. आंबा पडतो, भिंत पडते, सरकार पडते. म्हणून मांडव म्हटला की खालून टेकू भक्कम करावा, एवढेच आपल्याला सुचते. पण मांडवाला पडायला वजन कुठे आहे? छताचे कापड, चार झालरी, एक प्लास्टिकचे झुंबर. हे पेलायला बांबूसुद्धा पुष्कळ. वारा सुटला की मात्र सगळा हिशेब उलटा होतो. छतावरून धावणारा वारा छताला वर ओढतो. आणि समोरच्या कमानीतून आत घुसलेला वारा जावयासारखा असतो : स्वागत करून आत घेतलेला, बसायला जागा न मिळालेला, आणि आता सारे छप्पर डोक्यावर घेणारा. वरून ओढ आणि खालून ढकल. अशा वेळी खांब काय करणार? वर निघालेल्याला खालून टेकू देऊन उपयोग नसतो. त्या घटकेला सारा मांडव दोर आणि खुटा यांच्या भरवशावर असतो, म्हणजे ज्यांना सकाळपासून कोणी चहासुद्धा विचारलेला नाही त्यांच्या.

किती भार येतो, तेही काढता येते. इमारतींवरच्या वाऱ्याचा भार मोजण्यासाठी आपल्याकडे भारतीय मानक ८७५ आहे, त्याचा तिसरा भाग. त्यातले मूळ सूत्र शाळकरी पोराला जमेल इतके सोपे : वाऱ्याचा वेग दर सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ने गुणा, दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब पडतो ते मिळते. खोच त्या वर्गात आहे. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो.

आता आपला नेहमीचा ३० बाय ६० फुटांचा मांडव घ्या. म्हणजे १६७ चौरस मीटर कापड. हवामान खात्याने 'ताशी ४० किलोमीटर वेगाने वारे' असा इशारा दिला, तर दर चौरस मीटरला साडेसात किलोच्या आसपास दाब येतो. छताच्या आकारानुसार तो कमी-जास्त होतो, पण ढोबळमानाने तेवढाच वर ओढतो असे धरले, तर साऱ्या छताला सव्वा टन उचल. आणि एखादा झोत ताशी ८० किलोमीटरचा आला, तर ५ टन.

टन ही गोष्ट लग्नघरात कोणाला कळत नाही, म्हणून पाहुण्यांत सांगतो. सरासरी पाहुणा ६५ किलोचा धरला (जेवणाआधीचा), तर ५ टन म्हणजे ७७ पाहुणे. एवढे पाहुणे छताला लोंबकळले तर मांडव जागेवर राहील. तशी सोय नसल्यामुळे हे काम १८ खुट्यांवर सोपवलेले असते. दर खुट्याच्या वाट्याला चार पाहुणे आणि एक लहान पोरगे. त्यात दोर तिरका. ४५ अंशांत बांधलेल्या दोरावर प्रत्यक्ष ताण १.४ पट येतो, म्हणजे सहा पाहुणे. सहा पाहुणे ज्याच्या भरवशावर आहेत तो खुटा केवढा, तर हातभर. त्यातला निम्मा बाहेर.

बाहेर का, याला जमीन जबाबदार आहे. आमच्याकडच्या धानपट्ट्यात मातीच्या जाती आहेत : सिहार, मोरांड, खरडी, कन्हार. यांतली कन्हार म्हणजे काळी, चिकण, जिद्दी. मे महिन्यात ती इतकी कडक होते की घन मारला तर खुटा आत जाण्याऐवजी घन परत येतो. पण कन्हार वाळली की तिला भेगाही पडतात, हात जाईल एवढ्या. मांडवाच्या पोराला दहा खुटे ठोकून झाले की अकराव्याला अक्कल येते. तो भेग शोधतो. भेगेत खुटा दोन घावांत बसतो, जमिनीला डोके टेकवून उभा राहतो, आणि दिसायला बाकीच्या दहांपेक्षा पक्का दिसतो. त्या खुट्याला धरून ठेवायला चारी बाजूंनी काहीही नसते. मातीने खुट्याला आवळायचे असते. भेगेतला खुटा नुसता उभा राहण्याचे नाटक करत असतो.

आणि पाऊस आला की कन्हार आणखी एक रूप दाखवते. वरचा थर ओला होऊन लोण्यासारखा होतो असे म्हणायचा मोह होतो, पण लग्नाच्या मांडवात लोणी तरी कुठे असते. डालडा म्हणू. खोल गेलेल्या खुट्याला खालची कोरडी माती धरून ठेवते. अर्धवट गेलेला खुटा फक्त वरच्या थराच्या ओळखीवर जगत असतो, आणि ती ओळख पहिल्या सरीत संपते.

गावात तर हीही सोय उरलेली नाही. ग्रामपंचायतीने सगळ्या गल्ल्या सिमेंटच्या केल्या आहेत आणि मांडव गल्लीतच घालायचा असतो. सिमेंटमध्ये खुटा जात नाही. मग दोर ज्याला मिळेल त्याला बांधतात : शेजाऱ्याच्या फाटकाला, हातपंपाला, कडुनिंबाला, विजेच्या खांबाला (हे करू नये, हे सर्वांना माहीत असते) आणि उभ्या ट्रॅक्टरला. यांत ट्रॅक्टर हा सर्वोत्तम खुटा होय. दोन टनांच्या घरातले वजन, रुंद चाके, चार दिशांना बांधायला आकडे. दोष एकच, की त्याला चावी असते. वरात बसस्टँडवर येऊन थांबली आहे, आणायला ट्रॅक्टर पाठवा, असा निरोप बरोबर साडेपाचला येतो.

खुटा कुठे ठोकावा, यालाही शास्त्र आहे. खांब जितका उंच, निदान तितक्या अंतरावर खुटा हवा, म्हणजे दोर तिरका उतरतो आणि खुट्याला आडवे ओढतो. खुट्याचे डोके मांडवाच्या उलट दिशेला कललेले हवे. आडव्या ओढीला खुट्यापुढची सारी माती विरोध करते. दोर उभा झाला की खुटा सरळ वर ओढला जातो, आणि सरळ वर ओढलेला खुटा कांद्याचे रोप उपटणाऱ्या बाईलाही दाद देतो. बिछायतवाल्याला हे पुस्तक न वाचता माहीत आहे. तो सकाळी बरोबर बारा फुटांवर खुटे ठोकतो.

मग लोक यायला लागतात. पहिला अडखळतो नवरीचा आतेभाऊ. त्याच्या हातात दुधाची कॅन असते. लगेच तो दोर सोडून खुटा चार फूट आत घेतला जातो. मग केटरिंगवाला म्हणतो की, या बाजूने गंज नेता येत नाही. आणखी दोन खुटे आत येतात. मोटारसायकली लावायला जागा हवी म्हणून एक अख्खी रांग आत सरकते. एका दोरावर ओल्या धोतराची जोडी वाळत पडते. एका खुट्याला शेळी बांधली जाते. शेळी दिवसभर गोल फिरून तो खुटा हलवून ठेवते, जे काम खरे तर नवरीच्या बापाने करायचे होते. संध्याकाळपर्यंत साऱ्या खुट्यांनी मांडवाला चिकटून उभे राहायला सुरुवात केलेली असते. मांडव आता पाहुण्यांच्या सोयीचा झालेला असतो आणि वाऱ्याच्याही.

बिछायतवाल्याला याबद्दल छेडून पाहावे. तो शांत असतो. पानाची पिचकारी मारून म्हणतो, "काही होत नाही जी. दिवारीपासून नाटकाचे मांडो उभे करून रायलो. एक खुटा हालला असन तं सांगा."

हे त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि तिथेच घोटाळा आहे. वैनगंगेच्या पलीकडे वडसा, म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. कंपन्या तिथल्या, कलावंत झाडीपट्टीच्या चारी जिल्ह्यांतले. या रंगभूमीवर हयात घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशाला दुसरी दिवाळी झाली असणार. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्री नाटक असते. ते जेवणानंतर उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. हजारो माणसे उघड्या पटांगणात, कनातींच्या आत, घोंगडी पांघरून बसतात. हंगाम होळीच्या आसपास आवरतो. आता हिवाळ्याच्या रात्री इथली हवा कशी असते? निजलेली. जमीन गार, वर थर ऊबदार, हालचाल नाही. अशा रात्री मांडव नुसत्या आशीर्वादावर उभा राहील. नाटकातला खलनायक जेवढा ओरडतो तेवढाच काय तो वारा. अशा शेकडो रात्री पदरी बांधून बिछायतवाला मे महिन्यात येतो आणि अनुभवाचा दाखला देतो. परीक्षा एका विषयाची पास आणि नोकरी दुसऱ्याच खात्यात, हे आपल्याकडे नवे नाही.

जुन्या मांडवाची गोष्ट वेगळी होती. मोहाच्या, नाही तर धावड्याच्या बल्ल्या, वर बांबूंची जाळी आणि त्यावर जांभळाच्या डहाळ्या. हिरवा मांडव. त्याला गर्द सावली असे, शिवाय वजन असे, आणि मुख्य म्हणजे भोके असत. वारा पानांतून चाळून निघून जाई. दोन-चार डहाळ्या उडत, त्या शेळ्या खात. आजही देवकार्यापुरता असा एक छोटा मांडव दारी घालतात, आणि मोठे वावधान येऊन गेल्यावर बहुतेक तोच तेवढा उभा दिसतो. त्याशेजारी सॅटिनचा, एकही भोक नसलेला, गुलाबी-पांढरा शामियाना उभारतात. ते खरे पाहता शीड आहे. वैनगंगेत नावेवर लावले असते तर लोक भंडाऱ्याला पोचले असते.

दोराचेही तसेच. जुना दोर अंबाडीचा, नाही तर काथ्याचा. तो भिजला की आखडतो, गाठ आणखी आवळली जाते. म्हणून जुनी माणसे पाऊस लागताच उलट दोर किंचित सैल करत, नाही तर खुटाच उपटून येईल. आताचा नायलॉनचा दोर चमकदार, स्वस्त, रंगीत. तो भिजला की ताणून लांब होतो आणि त्याची गाठ सुटण्याबाबत अतिशय समंजस असते. त्यामुळे पाऊस आला की मांडवाचे दोर सैल, छत ढिले, ढिल्या छतात पाणी, आणि फडफडणाऱ्या कापडाचे खुट्याला एकामागून एक हिसके. स्थिर ओढीला टिकलेला खुटाही हिसक्यांना टिकत नाही. हे दातांच्या डॉक्टरांना विचारा.

तंबू ठोकणे ही किती गंभीर बाब आहे, हे मोठ्या लोकांनी ओळखले होते. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या छावणीचे वर्णन केले आहे. त्यातला बारगाह नावाचा तंबू दहा हजार माणसे मावतील एवढा. तो उभा करायला हजार फर्राश आठवडाभर खपत, तेही यंत्रांच्या मदतीने. आमच्याकडे चार पोरे, सकाळी दहा ते एक. त्यात एकाची नजर मोबाइलवर आणि एकाची करवलीवर. पश्चिमेकडे म्युनिकला १९७२च्या ऑलिम्पिकसाठी गुंटर बेहनिश आणि फ्राय ओटो यांनी स्टेडियमवर पोलादी दोरांचे तंबूवजा छत ताणले. जगभरचे लोक त्याचे फोटो काढतात. ते छत ज्यांना बांधले आहे ते काँक्रीटचे अवजड नांगर जमिनीत गाडलेले आहेत. त्यांचा फोटो कोणी काढत नाही. तिथेही खुट्याला विचारणारे कमीच.

अलीकडे आणखी एक मांडव आमच्या भागात येऊ लागला आहे. हलका तंबू. ताडोबा बघून झाले की नागपूर-पुण्याची पोरे घोडाझरीच्या बाजूला कोणाच्या तरी ओळखीच्या शेतात रात्र काढायला येतात. रानात वाटेल तिथे तंबू टाकता येत नाही, आणि ब्रह्मपुरी वनविभागात वाघांची वर्दळ पाहता टाकायची इच्छाही फार काळ टिकत नाही. म्हणून शेत. पाठीवरच्या पिशवीतून दोन किलोंचा तंबू निघतो आणि त्याबरोबर ॲल्युमिनिअमच्या खुट्या निघतात, बोटाएवढ्या, लाल-निळ्या, इतक्या नाजूक की शेतकऱ्याच्या घरची म्हातारी त्या उचलून विचारते, "हे कायच्या काड्या होय गा?"

मी या तंबूंची टिंगल करणार होतो, पण त्यांचा आकार पाहून मत आवरते घेतले. तंबू ठेंगणा, गोल पाठीचा, लवचीक फासळ्यांचा. वारा आला की वाकतो, अंगावरून जाऊ देतो. तोंड वाऱ्याकडे न करता पाठ करावी, असे त्याच्या कागदावर लिहिलेले असते. आमच्या मांडवाची कमान मात्र पाहुणे जिकडून येणार तिकडे तोंड करते. वारा कुठून येणार हे विचारायची पद्धत नाही. तंबूची अडचण आहे ती फक्त त्या काड्यांची. त्या दुसऱ्या देशातल्या मऊ हिरवळीसाठी जन्मल्या आहेत. मे महिन्यातल्या कन्हारीत पहिल्या घावाला त्या नमस्कार घालतात. तंबूच्या एका बाजूचे क्षेत्र दोन चौरस मीटर धरले तर ८० किलोमीटरच्या झोताला ६० किलोचा रेटा बसतो. तंबू दोन किलोंचा. म्हणजे आत माणूस झोपलेला असेपर्यंत माणूस हाच खुटा. तो बाहेर आला की तंबू निघाला. बाहेर काहीतरी खसखसते आहे, आणि आपण उठलो तर घर जाईल, नाही उठलो तर काय जाईल ते सांगता येत नाही, असा हा पेच असतो. मग सकाळी शेतमालक धावड्याचे हातभर लांब खुटे तासून देतो. पोरे ते खुटे मोठ्या आदराने पिशवीत भरतात आणि पिशवीचे वजन दुप्पट होते.

पक्का खुटा कसा, तर धावड्याचा, दोन हात लांब, तीन हिस्से जमिनीत, डोके मागे कललेले. त्याच्यामागे दुसरा खुटा, पहिल्याच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या बुडाला दोर. किंवा जमीन फारच वाईट असेल तर रेतीने भरलेले पोते खड्ड्यात आडवे पुरून त्याला दोर. हे सगळे इथल्या जुन्या माणसांना येते. छत बल्ल्यांना मुद्दाम कच्च्या सुतळीने बांधत, तेही त्यांचेच डोके. वारा हाताबाहेर गेला की आधी सुतळी तुटावी, कापड जावे, पण बल्ल्या माणसांवर येऊ नयेत. आणि सुतळी तुटली नाही, तर एक म्हातारा कोयता घेऊन उठायचा आणि आपल्याच मांडवाची सुतळी सपासप कापत सुटायचा. आज असे कोणी करू लागला तर त्याला आधी आवरतील, मग व्हिडिओ काढतील.

कारण आजची रीत उलट आहे. छत फुगले की सारे पुरुष धावत जाऊन खांबांना मिठ्या मारतात. नवरदेवाचे काका, नवरीचे मामा, दोन्हीकडचे व्याही. सकाळपासून मानपानावरून एकमेकांशी न बोललेली माणसे एका खांबाला दोन बाजूंनी लटकतात. हे दृश्य हसण्यासारखे आहे, पण ते करू नये. पाच टनांपुढे दोन व्याही काहीच नाहीत. खांब त्यांना घेऊन जातो. आणि आताचे खांब लोखंडी पाइपचे, त्यांवरून विजेच्या माळा गेलेल्या. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या जसोलला २३ जून २०१९ रोजी रामकथा चालू असताना वादळाने मांडव उखडला, लोखंडी सांगाड्यात वीज उतरली, आणि डझनाहून अधिक माणसे गेली. म्हणून झुळूक आली, बरे वाटले, की आधी जनरेटर बंद करायचा आणि माणसे पक्क्या घरात न्यायची. मांडव गेला तर जाऊ द्यावा. त्याला जायचेच असते.

तो गेल्यावर जे होते ते मात्र पाहण्यासारखे असते. लग्न शाळेच्या व्हरांड्यात लागते, मंगलाष्टकांना पत्र्यावरच्या गारांचा ठेका असतो, पंगत वर्गखोल्यांत बसते. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, वाळत घातलेले तेंदूपत्त्याचे पुडे आवरायला गेलेली अर्धी वऱ्हाडी मंडळी भिजून परत येतात. जिलेबीचा गंज सुखरूप असतो, कारण वारा सुटल्यावर सर्वांत आधी तोच आत नेलेला असतो. नवरी दुसऱ्या फेरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिछायतवाला वही घेऊन येतो. छत दोन बांध्या ओलांडून एका बोरीच्या झाडावर वाळत असते. नवरीचा बाप म्हणतो, मांडव सायंकाळी साडेपाचलाच गेला, रात्रीचे भाडे कशाचे? बिछायतवाला म्हणतो, मांडो गेला नाही, फक्त सरकला. वरून दोन बांध्या पलीकडून आणायची हमाली लागते ती वेगळी. बोरीचा मालकही येतो. त्याला फांद्यांचे पैसे हवे असतात. खुर्च्या मोजून होतात, सतरंज्या मोजून होतात, झुंबराला सोडचिठ्ठी मिळते. मग खुटे येतात. अठरा दिले, अकरा मिळाले. सात खुट्यांचे पैसे लावलेले पाहून बापाचा तोल सुटतो.

"अहो, तुमचे खुटे उपटले म्हणून तर मांडव गेला! त्यांचे पैसे मीच द्यायचे?"

बिछायतवाला वहीतून मान वर करत नाही. "उपटले म्हनजे मजबूत होते जी," तो म्हणतो, "कच्चे असते तं तुटले असते."